बोलण्याचं वेळापत्रक

९ जानेवारी

चि. खटपटीस अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. तुझी आई बरी आहे, म्हणजे तू पाहून गेलीस तशीच आहे. घशाचं ऑपरेशन होऊन साडेचार महिने झाले, जखम छान भरली. आवाज गेला तो गेलाच. ते डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. औषधांनी बोटं बधिर झालीत, त्यामुळे पेन धरवत नाही, आणि मोबाइलवर तिच्या बोटाखाली चार अक्षरं एकदम दाबली जातात. तू शिकत असतानाचा तो जुना लॅपटॉप इथे ठेवून गेलीस हे फार चांगलं केलंस. ती एका बोटाने टाइप करते, पडद्यावर लाडवाएवढी अक्षरं उमटतात, मी चष्मा लावून वाचतो. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हटलं तर एक मुकी आणि एक बहिरा, म्हणून आपलं हे पत्र.

लिहायचं कारण असं की लॅपटॉपचं काहीतरी बिघडलं आहे. रविवारी ती मला तिच्या लहानपणची एक गोष्ट सांगत होती. ती आणि तुझी मावशी शाळा बुडवून नदीवर गेल्या होत्या, तिथली. पाऊण तास टाइप करत होती बिचारी. बॅटरीचा आकडा एकतीस टक्के दाखवत होता आणि एकदम पडदा काळा झाला. लिहिलेलं सगळं गेलं. मी म्हटलं, पुन्हा सांग. तिने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तुला माहीत आहे, तिचं बोलणं कोणी मध्येच तोडलेलं तिला कधी खपलं नाही. शिवाय बोट फिरवायची ती पट्टी वर आली आहे आणि टेबलावर ठेवला की लॅपटॉप डुगडुगतो.

मी बत्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हची चावी फिरवली, पण कोणाची बादली अर्धी असताना पाणी तोडलं नाही. घरात असं पुन्हा होऊ द्यायचं नाही. काय करायचं ते सविस्तर कळव.

तब्येतीला जप. आमची आठवण असतेच तुला, ती कागदावरही येऊ दे.

तुझा,
बाबा

१६ जानेवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आधी महत्त्वाचं: तो लॅपटॉप आता चार्जिंगला लावू नका. पट्टी वर आली म्हणजे आतली बॅटरी फुगली आहे. तिच्यात गॅस धरला आहे. वरून दाबून सपाट करायला जाऊ नका (मी तुम्हाला ओळखते). टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. काढून पत्र्याच्या डब्यात, उन्हापासून लांब ठेवा आणि बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन द्या. एकतीस टक्क्यांवर पडदा गेला तो यामुळेच. म्हाताऱ्या बॅटरीचा आकडा खोटा असतो, हातात काही नसताना खिसा भरलाय असं सांगणाऱ्या माणसासारखा.

नवी बॅटरी पाठवते आहे. आमच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या मालकीणबाईंचा भाऊ तिकडे येतोय, त्याच्या हाती. सोबत चित्र काढून दिलं आहे, आठ स्क्रू आहेत, तुम्हाला सहज जमेल. एक मात्र लक्षात ठेवा. हे मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली. मी तीन गोदामं पालथी घातली तेव्हा ही एक मिळाली. ही शेवटची. पुन्हा मिळणार नाही, तेव्हा अगदी जपून वापरा.

जपून म्हणजे कसं, ते सांगते. बॅटरीला उष्णता सोसत नाही. आईच्या पांघरुणावर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवू नका, खालची हवा कोंडते; लाकडी पाट ठेवा. सतत वायरीला लावून शंभरावर ठेवू नका, आणि शून्यापर्यंत उतरूही देऊ नका. वीस ते ऐंशीच्या मध्ये ती सुखात असते. पडद्याचा उजेड जेवढा कमी, तेवढी ती जास्त पुरते. साधारण पाचशे वेळा भरून रिकामी झाली की तिचा दम जातो. पण नीट सांभाळली तर चार वर्षं कुठे गेली नाहीत.

आईला सांगा, नदीची गोष्ट मला हवी आहे. मावशी त्यात पाण्यात पडली होती एवढंच मला ठाऊक आहे, ढकललं कोणी ते कळलेलं नाही. उन्हाळ्याचं काम ओसरलं की मी येतेच.

दोघांनी एकमेकांना सांभाळा. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
खटपट

४ फेब्रुवारी

चि. खटपटीस अनेक आशीर्वाद.

बॅटरी बसवली. आठ स्क्रू काढले, आठच परत लावले, एकही उरला नाही. हे तुझ्या मालकीणबाईंना जरूर सांग.

तू लिहिलेलं मी चार वेळा वाचलं आणि वेळापत्रक केलं. सकाळी सात ते आठ, संध्याकाळी पाच ते सहा. मधे लॅपटॉप बंद करून कपाटातल्या थंड फळीवर. पाट सुताराकडून करून घेतला. उजेड निम्म्यावर आणला आहे. मला वाचायला जरा त्रास होतो, पण डोळे काय, आहेतच. ऐंशी झाले की वायर काढतो, चाळीसच्या खाली जाऊ देत नाही. तू वीस म्हणालीस, पण टाकी तळाला जाईपर्यंत कोण थांबतं. तुझ्या आईने पहिल्या दिवशी थोडी कुरकुर केली. मी म्हटलं, अर्ध्या शहराला दिवसाआड पाणी पुरवून दाखवलं आहे, एका बाईच्या बोलण्याचं काय घेऊन बसलीस. ती हसली. आता घड्याळ बघून तयार बसते.

चार वर्षं म्हणजे तोवर ती सत्तरीची होईल. तेव्हाचं तेव्हा बघू.

खालचा मजकूर तिचा, मी नुसता उतरवला:

"खटपटे, तुझ्या बाबांना एक बॅटरी काय दिलीस, त्यांची नोकरी पुन्हा सुरू झाली. निवृत्तीनंतर पहिल्यांदा इतके खूश दिसतात. मावशीला मी ढकललं नव्हतं, ती घसरली. म्हणजे आधी मी ढकललं, मग ती घसरली. बाकीचं पुढे सांगते, सहाला दोन मिनिटं आहेत. नीट जेवत जा."

इकडची काळजी करू नकोस. अशीच आमची राहा.

तुझा,
बाबा

१९ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. मालकीणबाई म्हणाल्या की असं एक जरी गिऱ्हाईक रोज आलं तर आपल्याला दुकान बंद करावं लागेल. इथे येणारे लोक लॅपटॉप गादीवर घेऊन झोपतात, उन्हात गाडीत ठेवतात, आणि मग बॅटरी सहा महिन्यांत गेली म्हणून आमच्यावर डोळे वटारतात. कालच एक वकील बाटलीसारखी फुगलेली बॅटरी घेऊन आले आणि विचारतात, हवा काढता येईल का. तुम्ही मात्र शाबास. असंच चालू ठेवा.

आईचं बोलणं चारच ओळी आलं, तेवढं मला पुरत नाही. पुढच्या वेळी निदान पानभर पाठवा. तिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, माझ्याच वाट्याला का?

तुम्हा दोघांच्या पायांशी मन आहे.

तुमची,
खटपट

३० मार्च

चि. खटपटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उशिरा मिळालं. इकडे ठीक. तुझ्या आईला गेला महिनाभर दम लागतो, म्हणून नर्सबाई आता रोज येतात, तिच्या घशातली श्वासाची नळी साफ करून जातात. डॉक्टरांकडे नेलं होतं. ते बराच वेळ बोलले. मला नीट ऐकू आलं नाही, तिने सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर विचारलं तर तिने अंगठा वर करून दाखवला.

बॅटरी उत्तम आहे. तू चित्राखाली लिहून दिलं होतंस तसा तिचा अहवाल लॅपटॉपवर काढून पाहिला, मूळच्या नव्व्याण्णव टक्के ताकद शाबूत. दोन तासांचा मी आता दीड तास केला आहे, सकाळी एक आणि संध्याकाळी अर्धा. तिलाही तसं फार बोलायचं नसतं.

तिचा मजकूर: "मी बरी आहे. तुझे बाबा फार काळजी घेतात."

आपुलकी आहेच, ती शब्दांत घालत बसत नाही.

तुझा,
बाबा

२४ एप्रिल

खटपटे,

हे मी हाताने लिहिते आहे. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं झालंय, लावून घे. आज चौथा दिवस, रोज चार ओळी होतात. यांच्या डोळ्यांना हे वाचता येणार नाही आणि वाचायलाही नको. नर्सबाई पोस्टात टाकणार आहेत.

डॉक्टरांनी सांगितलं की दुखणं परत आलं आहे, फुप्फुसात. पावसाळा बघेन की नाही सांगता येत नाही. यांना ऐकू आलं नाही आणि मी सांगितलं नाही. रोज सकाळी आकडा बघून यांचा चेहरा उजळतो. चार वर्षांचं बोलत असतात. तो चेहरा मला हवा आहे, तोपर्यंत राहू दे. तूही सांगू नकोस. माझ्या गळ्याची शपथ घालणार होते, पण त्या गळ्यात आता काय राहिलंय.

दीड तासाचं मला काही नाही. एक मात्र तुला सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगू. हे माझ्याशी बोलत नाहीत. आधी कसे, भाजीवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या भांडणापर्यंत सगळं येऊन सांगायचे, ओरडून ओरडून. आता बाहेरून येतात, चपला काढतात, माझ्या पायावरचं पांघरूण सारखं करतात आणि पेपर घेऊन बसतात. मी बघत राहिले की नजर वळवतात. दमले असतील. आठ महिने आजारी माणसाचं करायचं म्हणजे कोणीही विटेल. मला राग नाही. वाईट वाटतं, एवढंच. बेचाळीस वर्षं झाली, भांडण झालं तरी अबोला कधी दोन दिवसांच्या वर टिकला नव्हता.

याला उत्तर पाठवू नकोस, यांच्या हाती पडेल. तू मात्र खूप बोलत जा. माझा जीव तुझ्यापाशीच आहे.

तुझी,
आई

१६ मे

ती. बाबांना सा. न. वि. वि.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन फाडली.

तुम्हाला बॅटरीबद्दल एक गोष्ट सांगायची मी विसरले होते. वापरली नाही तरी बॅटरी म्हातारी होते. कपाटात ठेवा, थंड फळीवर ठेवा, तिचे दिवस चालूच असतात. आमच्या दुकानात कधीही न उघडलेल्या खोक्यांतल्या बॅटऱ्या आम्ही फेकून देतो. साठवून ठेवता येईल असं तिच्यात काही नसतं. ती वापरायचीच असते.

बाबा, आईने मला हाताने पत्र लिहिलं होतं. तुम्हाला सांगायचं नाही असं बजावलं होतं. ते मिळून अठरा दिवस झाले आणि इतके दिवस मी तिचं ऐकलं. आता ऐकवत नाही. मी "चार वर्षं" असं लिहिलं ते बॅटरीबद्दल लिहिलं होतं. आईबद्दल नव्हतं. डॉक्टर त्या दिवशी काय म्हणाले ते तिला विचारा. आणि विचारायला संध्याकाळचे पाच वाजायची वाट बघू नका. वायर लावा, दिवसभर लावून ठेवा, उजेड पूर्ण करा. बॅटरी गेली तर जाऊ दे. शेवटची होती तरी जाऊ दे. मी तेव्हा आपलं कौशल्य मिरवत होते, तीन गोदामांचं कौतुक सांगत होते. "जपून" हा शब्द मी दुकानात दिवसातून पन्नास वेळा उच्चारते. घरी तो असा पाळला जाईल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आणखी एक. ती म्हणते, तुम्ही तिच्याशी बोलत नाही. तुम्ही दमला असाल तर मी समजू शकते, खरंच. मला रजा मंजूर झाली आहे, ३० तारखेला निघते. तोवर थोडं तिच्यापाशी बसा.

चुकलं असेल तर पदरात घ्या.

तुमची,
खटपट

२१ जून

चि. खटपटीस अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. तू दहा दिवस राहून गेलीस, पण हे मला तुझ्यासमोर बोलून दाखवता आलं नाही. माझं बोलणं गल्लीभर ऐकू जातं, आणि हे गल्लीने ऐकण्यासारखं नाही. म्हणून लिहितो.

गाडी सुटताना तू म्हणालीस, आधीच लिहायला हवं होतं. ते मनातून काढून टाक. मी बहिरा आहे, आंधळा नाही. डॉक्टरांच्या खोलीत मला शब्द ऐकू आले नव्हते, पण त्यांनी टेबलावरचा पेन उचलून पुन्हा ठेवला आणि तुझ्या आईच्या हातावर हात ठेवला, ते मी पाहिलं होतं. अंगठा तिने माझ्यासाठी वर केला होता, आणि मी तो तिच्यासाठी खरा मानला. घरी येऊन अहवाल काढला, नव्व्याण्णव. मला तेवढं पुरलं. ज्या घरात बॅटरी चार वर्षं टिकणार आहे त्या घरात माणूस चार महिन्यांत कसं जाईल, असा काहीतरी हिशेब मी मनाशी घातला होता. शहाण्या माणसाने असा हिशेब घालू नये. मी घातला.

तुझं पत्र २१ मे रोजी सकाळी दहाला आलं. वाचलं आणि उठून कपाटातून लॅपटॉप काढला. वायर तिच्या पलंगापर्यंत पुरेना, तेव्हा स्वयंपाकघरातला फ्रिज बंद करून त्याचा लांब बोर्ड आणला. उजेड पूर्ण केला. तिच्यापुढे पाट ठेवला. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि टाइप केलं की अजून पाच वाजले नाहीत. मला तिथेच रडू आलं. मी म्हटलं, आता वेळापत्रक नाही, हवं तेवढं बोल.

तिने पाट जवळ ओढून घेतला. मग एकेक अक्षर दाबत तिने विचारलं, की मी तिच्यावर रागावलो आहे का.

खटपटे, मी तिच्याशी बोलत नव्हतो हे खरं आहे. पण का, ते तुम्हा कोणालाच कळलं नाही, आणि कळावं तरी कसं. मी काही बोललो की ती उत्तर द्यायला बघायची. उत्तर द्यायचं म्हणजे लॅपटॉप. सुरुवातीला मी दुपारी येऊन काहीबाही सांगायचो आणि तिचा हात रिकाम्या पाटाकडे जायचा, मग मागे यायचा. ते मला बघवेना. म्हणून ठरवलं, आपण विषयच काढायचा नाही, म्हणजे तिला उत्तर द्यावं लागणार नाही. ठरलेल्या तासातही मी तोंड बंद ठेवायचो. तिचा तास तिलाच मिळू दे, माझ्या फालतू गोष्टींना उत्तरं देण्यात तो जायला नको, असं वाटायचं. चार महिने मी बाहेर जे पाहायचो ते तोंडाशी यायचं आणि मी गिळायचो. तिला वाटलं, मी विटलो.

हे तिला सांगितलं. ती हसायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते, आणि नळीतून शिट्टीसारखा आवाज येत होता म्हणे, नर्सबाई धावत आल्या. मग तिने मला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. बेचाळीस वर्षांत शिकलेले सगळे शब्द तिने एका बोटाने वापरले. शेवटी लिहिलं, की आता सांगा, चार महिन्यांत काय काय झालं.

आम्हाला सात दिवस मिळाले. मी सांगत होतो आणि ती उत्तरं देत होती. वरच्या मजल्यावरच्या सुनेने घर सोडलं आणि सासूच तिला आणायला गेली, ते सांगितलं. माझा जुना व्हॉल्व्ह आता यंत्र आपोआप फिरवतं, ते सांगितलं. दोन दिवस तिने तुझ्याबद्दलच बोलून काढले. तू लहानपणी तिचं शिवणयंत्र उघडून ठेवलंस तेव्हा तिने तुला मारलं होतं, त्याचं तिला अजून वाईट वाटत होतं. नदीची गोष्टही पूर्ण झाली. ती मी वेगळ्या कागदावर उतरवून सोबत पाठवतो आहे, तिच्याच शब्दांत. अठ्ठावीस तारखेला दुपारी ती टाइप करता करता थांबली, मला वाटलं विचार करते आहे. वायर लावलेली होती. पडदा चालूच राहिला.

लोक येऊन म्हणतात, तुम्ही तिचं फार केलंत. मी मान हलवतो. केलं ते खरंच आहे. तू सांगितलंस ते मी पाळलं, तिने माझ्यासाठी लपवलं, तू तिच्यासाठी थांबलीस. आपल्या तिघांत एकमेकांची काळजी न करणारं कोणी असतं, तर तिला आणखी चार महिने बोलायला मिळालं असतं.

आता एक राहिलं आहे, ते तुला सांगून टाकतो. औषधांनी तिचे सगळे केस गेले होते हे तू पाहिलंसच. सदैव रुमाल बांधून असायची, आरशाकडे जायची नाही. मार्चमध्ये एका दुपारी ती खुर्चीत झोपली होती आणि रुमाल सरकला होता. मागे, मानेच्या वर, केस परत यायला लागले होते. बोटाच्या पेराएवढे, काळे, अगदी तान्ह्या मुलाचे असतात तसे. तिला ते दिसणं शक्य नव्हतं आणि बधिर बोटांना कळणंही शक्य नव्हतं. मी तिला हलवून उठवणारच होतो. पण सांगितलं असतं तर तिने दहा प्रश्न विचारले असते, आरसा मागितला असता, पुन्हा प्रश्न विचारले असते. बॅटरी बासष्टवर होती. म्हटलं, उद्या सकाळी सातला सांगू. दुसऱ्या दिवशी दुसरंच काही निघालं. मग मी बोलणंच कमी करत गेलो. आणि त्या सात दिवसांत इतकं सांगत बसलो, त्यात हे सांगायचं राहूनच गेलं.

पत्र पुरे करतो. तू होतीस तशीच माझी राहा, आणि मनात आलेलं लगेच लिहीत जा.

तुझा,
बाबा